शुक्रवारकाका आणि सालवादोर

दर शुक्रवारी ते पायापासून डोक्यापर्यंत पांढरे असत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगीत सगळे त्यांना शुक्रवारकाका म्हणत. मी दादरहून नुकतीच तिथे राहायला गेले होते. पहिल्याच शुक्रवारी लिफ्टमध्ये त्यांना पाहून वाटलं, यांच्या घरी कुणीतरी गेलंय. चेहरा पाडून मी विचारलं, "कधी झालं?"

"काय?"

"म्हणजे... कोण गेलं?"

"कोणी नाय गेलं, बाय. आज शुक्रवार. तिकडे सगळे पांढरं घालतात."

"तिकडे कुठे?"

"सालवादोरला."

फोनवर शोधलं तर एल साल्वादोर नावाचा देश निघाला. पुढच्या शुक्रवारी मी त्या देशाबद्दल काहीतरी विचारलं, तर काका चिडले. "तो देश वेगळा. हे ब्राझीलचं शहर, दर्याकाठचं. खालच्या बाजारातून वरच्या गावात जायला लिफ्ट आहे. बिल्डिंगीला नाय, गावाला!" मला आणखीच काही कळेना.

काका मूळ रत्नागिरीचे, बोटीवर फिटर. तीसेक वर्षांपूर्वी त्यांची बोट तिथल्या बंदरात जप्त झाली. मालकाने हात वर केले आणि अठरा खलाशी चौदा महिने तिथेच अडकले. इथपर्यंत गोष्ट सरळ होती. पुढची दर वेळी वेगळी. कधी ते बोटीवरच झोपत, कधी त्यांची गावात खोली असे. एक बाई मात्र प्रत्येक गोष्टीत यायची. पांढरा घेरदार झगा, डोक्याला फडकं. चवळी वाटून लाल तेलात वडे तळायची आणि या अठरा जणांना खाऊ घालायची. "एक दिवस उपाशी नाय ठेवलं तिने," काका म्हणत. कधी ती म्हातारी असे, तर कधी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या वयाची. मी चूक दाखवली की हसत, "भुकेल्या माणसाला वय दिसतं काय, बाय?"

काकी तेव्हा स्वयंपाकघरात आपलं लक्ष कुकरच्या शिट्टीकडेच आहे असं दाखवायच्या. एकदा मेथी निवडता निवडता त्यांनी मला हळूच विचारलं, "तू शिकलेली आहेस. तुला काय वाटतं? तिथे कोणी होतं का?"

मी मेथीची जुडी माझ्याकडे ओढली.

"मी आणलेला शर्ट यांनी कधी धड घातला नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून आयुष्यभर पांढरं घालतायत?"

दोन फेब्रुवारीला काकांनी आम्हा दोघींना रिक्षाने घोडबंदरच्या खाडीवर नेलं. टोपलीत पांढरी फुलं, कंगवा, आरसा, अत्तराची कुपी. त्या शहरात या दिवशी लोक होड्यांतून जाऊन दर्याच्या आईला हे देतात म्हणे. टोपली बुडाली तर आईने घेतली, परत आली तर नाकारली. काकांनी टोपली सोडली. ती थोडी पुढे गेली, वळली आणि आमच्याच पायाशी आली. पुन्हा सोडली, पुन्हा आली. काकांचा चेहरा एवढासा झाला.

काठावर जाळं साफ करणाऱ्या कोळणीने विचारलं, "ह्यो कुनाचा सन हाय? आज पुनव न्हाय, काय न्हाय."

"ब्राझीलचा," मी म्हटलं.

"मंग त्यांना भरती ठाव न्हाय काय? पानी चढतंय. उतरल्यावर सोडा."

आम्ही दुपारपर्यंत बसून राहिलो. पाणी उतरलं, टोपली गेली. परतताना काकी एवढंच म्हणाल्या, "आरसा, कंगवा... देवीला नाव असेल ना?"

"येमांजा."

काकींनी ते नाव मनाशी ठेवून घेतलं, हे मला दिसलं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना काशीमीऱ्याजवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. मराठी पार पुसली गेली होती. काकींचं नावही येईना. एकच शब्द ओठांवर यायचा, अस्पष्ट, पुन्हा पुन्हा. "आग्वा... आग्वा..."

दुसऱ्या दुपारी काकी बाहेर माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. "मला नाव येमांजा सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ही आग्वा आहे. इतकी वर्षं संसार केला मी, आणि आता हाका तिला मारतायत. ऐकवत नाही गं. कालपासून मी तोंड फिरवून बसलेय."

मी फोन काढला. स्पेलिंग ठाऊक नव्हतं, तीन-चार प्रकारे लिहून पाहिलं. मग सापडलं.

"काकी, आग्वा म्हणजे पाणी."

"काय?"

"तिकडच्या भाषेत पाणी. काका पाणी मागतायत."

काकी चप्पल बाकाखालीच टाकून आत धावल्या. नर्सने अडवलं. "पिलाना नहीं, गले में अटकेगा. रुई भिगोके होंठ पे लगाओ." काकींनी ओला बोळा ओठांना लावला, तसे काका तो चोखू लागले. डोळे मिटलेले, पण कपाळावरची आठी गेली. काकी बोळा भिजवत राहिल्या. त्या म्हणत होत्या, "मला काय कळणार हो... मला काय कळणार..."

चौथ्या दिवशी काका गेले.

तिथे कोणी होतं का, हे मला अजूनही ठाऊक नाही. काकींनीही ते पुन्हा कधी विचारलं नाही. दिवसकार्य आटोपल्यावर एका संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि दारातच म्हणाल्या, "जरा फोनवर बघ ना. पाणी म्हणजे आग्वा, ते कळलं. 'आणते' याला तिकडे काय म्हणतात गं?"

मी शोधून सांगितलं. उच्चार नीट जमेपर्यंत त्या दारात उभ्या राहून तो शब्द म्हणत राहिल्या.