पंधरावी योजना

हरिहर पाचपोर मूळचा अमरावतीचा. वडील वकील, आजोबांची भिक्षुकी. कारखाना आतून कसा असतो हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. हरिहरने मात्र व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि नाशिकजवळच्या एका रसाच्या कारखान्यात नियोजन विभागात नऊ वर्षं काढली. फळ कधी येणार, किती येणार, कोण कुठे उभं राहणार, एखादं यंत्र रुसलं तर मालाचं काय करायचं, हे सगळं आधीच कागदावर उतरवायचं. त्यात त्याचा हातखंडा होता.

२०१० साली शेंदूरजनाघाटला संत्र्यावर प्रक्रिया करणारा सहकारी कारखाना उभा राहतोय असं कळलं, आणि तो बायको-मुलीला घेऊन परत आला. चारुशीलेला अमरावतीत शाळेत नोकरी मिळाली. हरिहर आठवडाभर गावात खोली घेऊन राही आणि शनिवारी घरी जाई.

शेड उभं होतं, यंत्रं आली होती. पहिल्या वर्षी वीज नव्हती. वीज आली तेव्हा पाण्याची परवानगी अडली. ती मिळेतो संचालक मंडळात दोन गट पडले आणि दीड वर्ष सभाच झाली नाही. तरी दर भाद्रपदात हरिहर बागांमधून हिंडायचा, झाडावरची फळं मोजून आंबिया बहाराचा अंदाज बांधायचा आणि वर्षाची योजना लिहायला बसायचा. चाळीस पानं व्हायची. अध्यक्ष खुशालराव त्यावर सही करायचे आणि ती कपाटात जायची.

नाशिकच्या जुन्या साहेबांनी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो चारुशीलेला म्हणाला, "आता दोनच गोष्टी राहिल्यात गं. एवढ्यात सोडलं तर कसं?" तिने दुसऱ्यांदा वाद घातला नाही. जुईली तेव्हा दहा वर्षांची होती. तिने एकदा विचारलं, "बाबा, तुमच्या कारखान्यात काय होतं?" त्याने अर्धा तास तिला सांगितलं: फळ इथून आत येतं, इथे धुतलं जातं, इथे साल निघते, रस या नळीतून पुढे जातो. बोलून झाल्यावर चारुशीला स्वयंपाकघरातून आपल्याकडे बघते आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

सातव्या वर्षी सगळं जुळलं. हरिहरने गावातल्या चाळीस बायका निवडल्या, त्यांना महिनाभर फळांची प्रतवारी शिकवली. सोमवारी सकाळी सात वाजता चाचणी ठरली. बायका साडेसहालाच आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यावर टोप्या घालून. नऊ वाजले तरी बॉयलर तपासणारा अधिकारी येईना. हरिहरने फोन लावला, तेव्हा कळलं की तपासणीचा अर्ज संस्थेच्या कार्यालयातून गेलाच नव्हता. योजनेत ते बारावं कलम होतं, तारखेसकट.

"राहून गेलं भाऊ," खुशालराव म्हणाले. "पुढच्या हंगामाले पाहू."

बायकांना त्यानेच परत पाठवलं. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं तर वीस आल्या. तिसऱ्या वर्षी त्यांतली एकटी दामिनी आली, तीही सांगायला.

"साहेब, तुमच्या कागदावर आमी दरसाल कामाले येतो. मंग खरंखुरं काहून बलावता?"

तिच्या बोलण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्या वर्षीही त्याने योजना लिहिली. त्यानंतरही पाच लिहिल्या. लिहिली नाही तर दिवसभर करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात खुशालरावांचा फोन आला. संस्था गुंडाळायची ठरली होती आणि यंत्रं विकली गेली होती. ती सोडवून न्यायला योगेश नावाचा ठेकेदार माणसं आणि गॅसकटर घेऊन आला. त्याने शेडभर नजर फिरवली आणि म्हणाला, "साहेब, कुठून कापायला लागू?"

हरिहरने त्याला एक दिवस थांबवलं आणि रविवारी घरी जेवणाच्या टेबलावर पंधरावी योजना मांडली. आधी कुठली नळी सोडवायची, क्रेन कोणत्या दारातून येईल, कोणता भाग कोणत्या ट्रकवर. अकरा दिवस.

"तुम्ही हे का करताय?" चारुशीलेने विचारलं.

"ते वेडंवाकडं कापतील."

तिने त्याच्यासमोरचा चहा उचलला, गरम करून आणला आणि पुन्हा ठेवला.

काम ठरल्याप्रमाणे झालं. एक दिवसही मागेपुढे नाही. अकराव्या दिवशी चार वाजता शेवटचा ट्रक भरला. योगेश म्हणाला, "एवढं नेमकं मी कुठंच पाहिलं नाही. अकोल्याले आमच्याकडे या, साहेब." तो मनापासून बोलत होता. हरिहरला त्याच्याकडे पाहवेना.

गावातली माणसं बघायला जमली होती. त्यांत दामिनी होती. ती रिकाम्या शेडमध्ये आली.

"मी कुठी उभी रायली असती?"

फरशीवर फळं पुढे नेणाऱ्या पट्ट्याच्या बोल्टांची भोकं उरली होती. हरिहर ती मोजत गेला आणि एका जागी थांबला. "इथं. डावीकडून तिसरी."

ती तिथे जाऊन उभी राहिली. इकडे तिकडे पाहिलं, दोन्ही हात पदराला पुसले आणि बाहेर गेली.

हरिहर संध्याकाळच्या बसने अमरावतीला आला. चारुशीला वह्या तपासत होती.

"झालं?"

"झालं. अकराव्या दिवशी."

तिने चष्मा काढला. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "उद्या किती वाजता उठवू?"

तो बूट काढायला खाली वाकला होता. त्याने बूट रोजच्यासारखे दाराशी ठेवले, मग पुन्हा उचलले आणि कपाटात ठेवून दिले.