भाऊजींची जागतिक शांतता

माझ्या धाकट्या दिरांइतके धक्के मला जन्मात कुणी दिले नाहीत, आणि तेही शांततेच्या नावानं. परीक्षा देऊन साहेब व्हायला ते दिल्लीला आले, साहेब काही झाले नाहीत, मग साहेब व्हायला आलेल्या मुलांना क्लासमध्ये इतिहास शिकवत आमच्याच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. सगळ्या इतिहासात त्यांचा जीव एकाच गोष्टीत. पहिल्या महायुद्धानंतर देशांनी भांडणं बोलून मिटवायला जिनिव्हात जो संघ काढला, त्यात. आमटी खारट झाली तरी दाखला तिथलाच. मी चौथी शिकलेली, मला वाटायचं तो संघ अजून चालू आहे. तो बुडाला आणि आधीपेक्षा मोठं युद्ध झालं, हे कळलं तेव्हा माझ्या हातातलं लाटणंच पडलं. "मग इतकी वर्षं तुम्ही बुडालेल्याचं कौतुक सांगताय?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, पाण्यात पहिल्यांदा कुणालातरी उतरावं लागतं."

शेजाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. वरच्या पंजाबी बाईंच्या चादरींचं पाणी खालच्या बाबूजींच्या लोणच्यात गळलं, तर भाऊजींनी जिन्यात सभा भरवली. पायऱ्यांवर चहा, दोन्ही बाजूंना सारखा वेळ, मध्ये कुणी बोलायचं नाही. बाई उठून म्हणाल्या, "भाईसाहब, चादर मेरी, अचार इनका, आप कौन?" "बिल्कुल सही!" बाबूजी ओरडले. दोघं मिळून भाऊजींना भरपूर बोलले आणि हसत आपापल्या घरी गेले. मी दाराआड लपले होते. भाऊजी मात्र खुशीत. "झाला की नाही समझोता?"

यंदा आमचे हे रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं, गाझियाबादला दोनच खोल्या, त्यात मुलगा-सून. जेवताना हे भाऊजींना सरळ म्हणाले, "तू आता तुझी सोय कुठंतरी बघ." भाऊजींनी ताटावरच सभा भरवली. "संघात महत्त्वाच्या ठरावाला सगळ्यांचं एकमत लागायचं. एकानं नाही म्हटलं की ठराव पडला. मी जावं, हा आजचा ठराव. बोला." मुलगा हो म्हणाला. सुनेनं खाली बघून मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी?"

लग्न झाल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. माझाच आवाज ऐकून मी दचकले. ह्यांचा घास हातातच राहिला.

"ठराव पडला," भाऊजी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तकं बांधायला बसले. मी थक्क. "अहो, मी नाही म्हटलं ना?"

"म्हटलंत. पण ठरलेलं पाळायला लावेल असं सैन्य त्या संघाकडं नव्हतं. आपल्याकडं तरी कुठंय? दादाला ऐकायला लावणार कोण?" एवढं बोलून त्यांनी वाकून मला नमस्कार केला.

आता ते नोएडात एका खोलीत राहतात. रविवारी जेवायला येतात. पूर्वी सरळ गॅसपाशी येऊन पातेल्यांवरची झाकणं उघडायचे. आता दारात चपला काढून तिथूनच विचारतात, "वहिनी, येऊ का आत?" दर रविवारी मला तसाच धक्का बसतो. पदराला हात पुसत मी "या" म्हणते, आणि झाकणं मीच उघडून ठेवते.