विलाससाठी घेतलेला चष्मा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सांगलीत शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. "वन्सं, गाडी करून या. ह्ये गेलं," एवढंच ती म्हणाली. सख्खा भाऊ गेला आणि माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, तर आता दसऱ्याला विलासकडं कोण जाणार... सांगायला लाज वाटते, पण आला खरा.

विलास आमचा चुलतभाऊ, लोकांना म्युच्युअल फंड घेऊन देणारा एजंट. दादा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होता. निवृत्तीच्या दिवशी त्याची शेवटची फेरी कडेगावकडून आमच्या गावी आली तेव्हा गाडीला झेंडूच्या माळा होत्या, पुढं हलगी होती, वहिनी पहिल्या सीटवर नवं लुगडं नेसून बसली होती. स्टँडवर विलासनं स्वतःच्या हातानं दादाला फेटा बांधला आणि तो फेटा डोक्यावरून उतरायच्या आत फंडाचा फॉर्म पुढं केला. निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा त्या एका सहीत गेला. न वाचता सही का केलीस, म्हणून मी तडकले. दादा म्हणाला, "फेटा बांधणारा म्होरं हुबा, चार माणसं बघाय लागल्याली. तवा न्हाई म्हणाय येतंय व्हय?" जन्मभर घाटात गाडी काढलेला माणूस, पण तिथं त्याला ब्रेक लागला नाही.

फंड बुडाला नाही. बुडाला असता तर एकदाच रडून मोकळे झालो असतो. तो नुसता रखडला. मी शाळेत गणित शिकवलेली बाई. एखादं वर्ष वाईट गेलं म्हणून फंड बदलू नये, हे दादाला मीच समजावलं होतं. पण त्याच प्रकारचे बाकीचे फंड पुढं जात राहिले आणि हा मेला दरवर्षी त्यांच्या मागंच. पाच वर्षं पाहिल्यावर मी म्हटलं, दादा, पुरे झालं, दुसऱ्यात घाल. विलासला ह्यातून दरवर्षी कमिशन जातं, तेही बंद होईल. दादा हसला. "काढला तर दसऱ्याला काय घिऊन जाऊ?"

कारण तोवर त्याचं ठरून गेलं होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी विलासच्या सोप्यात गाव सोनं द्यायला जमायचं. दादा आपट्याची पानं त्याच्या हातात ठेवायचा आणि वर फंडाचं स्टेटमेंट. "विलास, वाच की रं जरा. मला कुठलं कळतंय." सगळ्यांदेखत विलास तो उतारा वाचायचा, त्याचे कान लाल व्हायचे. एका वर्षी तो म्हणाला, चष्मा सापडत नाही. पुढच्या दसऱ्याला दादानं त्याच्या नंबराचा चष्मा तासगावच्या बाजारातून करून आणला, आणि वाचून झालं की दरसाल तो परत आणून आपल्या पेटीत ठेवायचा. नंबर विलासच्या बायकोकडून काढून घेतला होता! तो किस्सा फोनवर ऐकताना मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. खोटं कशाला बोलू, मला लय गोड वाटायचं. फेट्याआड सही घेणाऱ्याला असंच पाहिजे, असं मला आजही वाटतं.

तेराव्याला विलास दुखवट्याची साडी घेऊन आला. वहिनीच्या मांडीवर साडी ठेवली, आणि घडीखालून कागद निघाले. नॉमिनी म्हणून पैसे वहिनीच्या नावावर करायचे, आणि त्यातूनच एका नव्या फंडात घालायचे. "वैनी, इथं सही करा, बाकी मी बघतो." माझ्या अंगाची नुसती आग झाली. मी तोंड उघडणार तोच वहिनी भिंतीला धरून उठली, दादाच्या पेटीतून तो चष्मा आणला आणि विलासपुढं धरला. "भावजी, आधी वाचून दावा. पयल्या पानापास्नं." भावकी बसली होती. विलासनं वाचलं. मग वहिनीनं कागद घडी करून त्याच्या खिशात घातले आणि म्हणाली, "माजं वन्सं बघत्याल."

मला वाटलं, जिंकलो. माणसं गेल्यावर तसं बोललेही. वहिनी खाटेवर पाय चोळत होती. "तुमी दोघं भावंडं दरसाल हसलासा," ती म्हणाली. "डॉक्टरनं गुडघ्याचं ऑपरेशन सांगून चार वरसं झाली. पैसं मोडा म्हटलं की ह्ये म्हणायचं, मग विलासला काय वाचाय लावू?"

मला हे माहीत नव्हतं. फोनवर कधी विचारलंही नव्हतं... दादा, तुझा खूप राग आला त्या दिवशी, आणि माझाही.

नावावर झाल्या झाल्या तो फंड आम्ही काढला. ऑपरेशनचे बाजूला ठेवले, उरलेले मी पारखलेल्या साध्या फंडात, मधे एजंट न घेता घातले. विलासचं कमिशन संपलं. पुढच्या आठवड्यात वहिनीचा पहिला गुडघा. दवाखान्याची पिशवी भरताना चष्म्याची डबी हाताला लागली. मी म्हटलं, यंदा दुःख आहे, सोनं द्यायचं नाही, पण दसऱ्याला मी त्याच्या दारात जाऊन ही डबी ठेवून येणार.

"जावा की," वहिनी म्हणाली, "पर एकट्या न्हाई. मी चालत येते संगं. आन् डबी ठिवू नका, चष्मा त्याच्या हातात द्या. मला चालताना त्याला नीट दिसू दे."