हिसक्याचं बटण

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आणि धंदा बायकांना गाडी शिकवायचा. मंगळवार पेठेत खाली नवऱ्याचं जळलेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं दुकान, वर आम्ही राहायचो. शिकणाऱ्या बायका पहिल्या खड्ड्यालाच स्टिअरिंग सोडून डोळे मिटायच्या आणि शेजारच्या सीटवर माझा जीव टांगणीला. म्हणून सन दोन हजारच्या आसपास मी ठरवलं, खड्डे आधी घरातच दाखवायचे. कॉम्प्युटरवर रस्ता, समोर जुन्या जीपचं स्टिअरिंग. तसली मशिनं बाजारात होती की! पण त्यांचं चाक एका बोटानं गरागरा फिरायचं. हाताला काय कळायचं? डोंबल!

आम्ही स्टिअरिंगच्या दांड्याला पट्ट्यानं मोटर जोडली. प्रोग्रॅम मी लिहिला, मोटर नवऱ्यानं भरली. पडद्यावरची गाडी खड्ड्यात गेली की चाक हाताला झटका देणार, वळण संपलं की आपोआप सरळ होणार. झटका कमी-जास्त करायला एक फिरतं बटण ठेवलं, शून्यापासून दहापर्यंत. नवऱ्यानं त्याखाली ब्रशनं लिहिलं, 'हिसका'. आमच्याकडं त्याला दुसरं काय म्हणतात?

गावातले ड्रायव्हिंग स्कूलवाले हसायचे. ''वैनी, व्हिडिओ गेम इकायला लागलाय व्हय?'' मी म्हणायची, हसा, दात आहेत तोवर हसून घ्या. पण मशीन एकही खपेना आणि या नादात दुकानाचं काम मागं पडलेलं. शेवटी नवरा म्हणाला, पुण्याहून एक व्यापारी बघायला येतोय, राज्यभरच्या ड्रायव्हिंग स्कूलना तो माल देतो. त्यानं घेतलं तर घेतलं, न्हाईतर हे भंगारात.

व्यापारी आला, ऐटीत बसला. बटण आठावर होतं आणि पडद्यावर मी चंदगडकडचा घाट घातलेला, पावसानं उखडलेला. पहिल्याच खड्ड्याला चाकानं असा दणका दिला की पावण्याचा गॉगल मांडीवर. तो उठलाच. ''वहिनी, हा हिसका कुणाला दाखवताय? गिऱ्हाईक पळून जाईल. हे बटण काढून टाका, चाक मऊ करा, नाव जरा बरं द्या. मग हवी तेवढी मशिनं घेतो.''

माझं डोकंच फिरलं. ''मऊ पाहिजे तर गादी घ्या की! रस्ता काय गिऱ्हाइकाला विचारून खड्डा पाडतो?''

''अगं, गप की जरा,'' नवरा म्हणाला. ''शून्यावर ठेवून देऊ. काय बिघडतंय?''

व्यापाऱ्याचं काय, तो परका. पण यांच्या तोंडून हे? म्हटलं, ''व्हय? मग बसा. शून्यावर चालवून दाखवा.''

नवऱ्याचा हात टेंपोवर बसलेला, तोच घाट त्यानं कैकदा चढलेला. बसला. चाक लोण्यासारखं फिरत होतं. पडद्यावरच्या गाडीचं डावं चाक डांबर सोडून खाली उतरलं, पण हाताला पत्ताच नाही. डोळ्यांना दिसेपर्यंत गाडी दरीत. त्यानं पुन्हा सुरू केलं. पुन्हा दरीत. व्यापारी म्हणाला, ''बघा, कसं गुळगुळीत चालतंय!''

नवरा उठला, पेचकस आणला आणि बटण उपसून काढलं. व्यापारी खूश. मला मात्र रडूच फुटायच्या बेतात होतं, इतक्या दिवसांची मेहनत आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत ती उपटतोय. त्यानं बटणाच्या भोकाशेजारी एक खिळा ठोकला, बटण परत बसवलं आणि शून्याकडं फिरवलं. त्याचा काटा पाचावर येऊन खिळ्याला अडला. त्यानं जोर लावून बघितलं, मग व्यापाऱ्यालाही बघायला लावलं.

''पावणं,'' तो म्हणाला, ''आता हे बंदच हुईत न्हाई.''

पावणा चहा न घेता गेला. गेला तर गेला! दुसऱ्या दिवशी मशीन टेंपोत घातलं आणि मुरगूडपासून सुरुवात करून आम्ही दोघंच गावोगाव विकायला बाहेर पडलो.