दोनशे चौदा बरण्यांची मावशी

पॅथॉलॉजीत मी नापास झाले हे घरच्यांच्याही आधी मावशींना कळलं. मावशी म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी म्युझियमच्या अटेंडंट. आजाराने बिघडलेले अवयव तिथे फॉर्मालिनच्या द्रावणात, काचेच्या बरण्यांत जपून ठेवलेले असतात. शिक्षण सातवीपर्यंत. नवरा त्याच विभागात झाडलोट करायचा. तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या, तेव्हा त्यांची मुलगी चौथीत होती.

पहिले सहा महिने त्यांनी मान वर करून बरण्यांकडे पाहिलंच नाही. फॉर्मालिनच्या वासाने डोळे चुरचुरायचे, ते निमित्त बरं पडायचं. मग एकदा पुसता पुसता एका बरणीतलं हृदय अगदी नाकासमोर आलं. त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या टेक्निशियनला विचारलं, "हे कुणाचं हो?"

"असेल कुणाचं तरी. आता शिकणाऱ्यांचं," तो म्हणाला.

ते उत्तर त्यांना पटलं. तेव्हापासून त्या बरण्या नुसत्या पुसत नसत, बघत. शिवाय दर वर्षी पोरं समोर उभी राहून घोकत असायची आणि सर त्यांना झापत असायचे. ते सगळं मावशींच्या कानावर पडायचं. अशी बावीस वर्षं गेली.

फेरपरीक्षेची तयारी करायला मी रोज दुपारी म्युझियममध्ये जाऊ लागले. एका यकृतासमोर उभी राहून मी धाडकन आजाराचं नाव सांगून टाकलं. पाठीमागून मावशींचा आवाज आला, "ह्याच घाईनं नापास झालीस ना?"

मला राग आला. पण त्या हटल्या नाहीत. "आधी बघ. केवढं आहे, रंग काय, कापलेली बाजू कशी दिसते. नाव कुठं पळून जात नाही."

मी पाहिलं. कापलेल्या भागावर लाल-पिवळे ठिपके होते, किसणीवर अर्धवट घासलेल्या जायफळासारखे. म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूची ताकद संपली आणि मागे यकृतात रक्त तुंबत गेलं.

"मग ह्या माणसाला तुम्ही डॉक्टरांनी काय दिलं असतं?" मावशींनी विचारलं.

हा प्रश्न त्या प्रत्येक बरणीसमोर विचारायच्या. उत्तर त्यांना ठाऊक नसायचं, खरंच ऐकायचं असायचं. म्हणून मला फार्माकॉलॉजीही सोप्या शब्दांत सांगावी लागे. लघवी वाढवणारं औषध साचलेलं पाणी काढतं, पण त्याबरोबर रक्तातलं पोटॅशियमही वाहून जातं. अशा वेळी हृदयाला जोर देणारं डिगॉक्सिन चालू असेल, तर तेच विषासारखं बाधू शकतं.

"म्हणजे दोन्ही औषधं चांगली, पण एकत्र दिली तर लक्ष ठेवायचं," मावशी म्हणाल्या. वहीत मी दोन पानं भरून लिहिलेलं त्यांनी एका वाक्यात बसवलं होतं.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. रविवारी वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. चौकीदाराने धावपळ करून माणसं बोलावली आणि मिळेल त्या क्रमाने बरण्या बाहेर व्हरांड्यात मांडल्या. सोमवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा एकही बरणी फुटली नव्हती, पण त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांची शाई वाहून गेली होती. आकडेसुद्धा उरले नव्हते. कोणत्या बरणीत काय आहे ते लिहिलेल्या नोंदवहीचा लगदा झाला होता, आणि ती कॉम्प्युटरवर चढवायचं काम दर वर्षी 'पुढच्या महिन्यात' होणार होतं.

विभागप्रमुख मॅडम रुजू होऊन तीनच महिने झाले होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "परीक्षा पुढे ढकलावी लागेल," त्या म्हणाल्या.

"कशाला?" मावशींनी पदर खोचला. "तुम्ही वही घ्या. मी सांगते."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "मॅडम, त्यांना येतं."

मी लिहायला बसले. मावशी एकेक बरणी उजेडात धरायच्या, फिरवायच्या आणि सांगायच्या. अवयव कोणता, आजार कोणता, रुग्ण साधारण किती वयाचा, पूर्वी कोणत्या फळीवर होती. मॅडम प्रत्येक नमुना स्वतः तपासून मान हलवायच्या. सुरुवातीला ती मान सावकाश हलत होती, दुपारनंतर लगेच हलू लागली.

काम तीन दिवस चाललं. दोनशे चौदा बरण्यांपैकी पाच बरण्यांपाशी मावशी सरळ म्हणाल्या, "ही मला नाही माहीत. अंदाजानं सांगणार नाही. पोरं ह्यावर शिकतात." मॅडमनी त्या पाच बरण्या स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

दोन ठिकाणी मतभेद झाला. एका फुप्फुसात मोठी पोकळी होती. मॅडम म्हणाल्या, कॅन्सर. मावशी म्हणाल्या, "टीबी. जुने सर ही बरणी दर परीक्षेत मुद्दाम ठेवायचे. निम्मी पोरं फसायची."

"आणि उरलेली निम्मी?"

"ती आधीच्या बॅचला विचारून यायची."

मॅडमना हसू आवरेना. छोटा तुकडा काढून काचपट्टी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. टीबीच होता. दुसऱ्या मतभेदात, एका मूत्रपिंडाच्या बाबतीत, मॅडम बरोबर निघाल्या. "बघा, बावीस वर्षं चुकीचं ऐकलं मी," म्हणत मावशींनी कानाला हात लावला. त्या पाच बरण्यांचा उलगडाही मॅडमनी तसाच काचपट्ट्या करून केला.

परीक्षा ठरल्या दिवशी झाली. माझ्या वाट्याला आलं एक जठर, आरपार भोक पडलेल्या अल्सरचं. मी आधी आकार, रंग, कडा सांगितल्या, मग नाव. शेवटी रिकाम्या पोटी महिनोन् महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराचं अस्तर कसं उघडं पाडतात, तेही सांगितलं. परीक्षक म्हणाले, "शिकवलं कुणी?" मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे मावशी हातात फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी घाईघाईने बरणी पुसायला घेतली.

त्याच दुपारी त्यांची मुलगी आली. ती आता एका दवाखान्यात नर्स आहे. मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावून नवी नोंदवही तिच्या हातात दिली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'संग्रहाची माहिती यांनी दिली', आणि खाली मावशींचं पूर्ण नाव, सही त्यांच्याच अक्षरात. मुलीने ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने.

"अगं, हळू वाच," मावशी दटावत म्हणाल्या, "पलीकडे पोरांची परीक्षा चाललीय."