सात दिवसांचं घर

आमच्या लेकीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, आणि मी देव्हाऱ्यासमोर उभं राहून, भाऊबंद ऐकत असताना, शपथ घेतली: मी जिवंत असेपर्यंत हा माणूस माझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. कोणी मागितली होती का शपथ? कोणीच नाही. भिंगारला लष्कराच्या कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली मी. शेजारच्या टेबलावर त्याच जातीचा मित्र होता, आणि त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी रोज हक्कानं खाल्ली. तरी बोललो. आणि बोललो ते बोललो. एकदा नोंद झाली की खाडाखोड करायची नाही, ही आमची कारकुनाची खोड.

लेक पुण्याला राहते. तिची पोर चार वर्षांची झाली. मी तिला मोबाईलवरच पाहिलंय, तेसुद्धा बायकोच्या खांद्यावरून, चोरून.

यंदा अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा महिना म्हणजे आमच्याकडे जावयाचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे उकडून पोटभर खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मागच्या अधिक महिन्यात बायको रोज दार लावून रडायची. या वेळी रडली नाही. तिनं कपाटातून निळी फाईल काढून माझ्यासमोर आपटली.

त्या फाइलीचं लचांड आधीचं. नगरला साडीच्या दुकानात आम्ही एक चिठ्ठी भरली, तर फोन आला की तुम्हाला बक्षीस लागलंय, जोडीनं हॉटेलात जेवायला या. जेवण मिळालं, मिक्सर मिळाला, आणि तीन तास डोकं खाल्ल्यावर मी एका हॉलिडे क्लबच्या करारावर सही करून बसलो. अकोले तालुक्यात धरणाच्या कडेला त्यांची घरं, आणि पंचवीस वर्षं, दरवर्षी सात दिवस, त्यातलं एक आमच्या हक्काचं. दोनदा गेलो. लेकीच्या लग्नानंतर एकदाही नाही. कुणासाठी जायचं?

बायको म्हणाली, ‘‘सात दिवस ते घर आपलं हाय ना? कागदावर तुमीच सही केलीय. मग मी माझ्या जावयाला तिथं धोंडं वाढते. तिथला उंबरा काई तुमचा न्हाई. तुमची शपथ तिथं लागत न्हाई.’’

मी करार तीनदा वाचला. बाई बरोबर बोलत होती. खरं सांगतो, इतकं हायसं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. शपथही राहणार होती आणि पोरही भेटणार होती. साप भी मरे और लाठी भी ना टूटे, म्हणतात ना, तसं.

लेकीला मीच फोन केला. पाच वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, ‘‘त्याला विचारते.’’ चार दिवसांनी तिचा फोन आला. ‘‘येतो म्हणालाय. पण पप्पा, मी त्याला एकदाच विचारू शकत होते. या वेळी काही झालं तर परत नाही विचारणार.’’

‘‘काही होत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘सगळं कागदावर आहे.’’

मग क्लबला फोन लावला. लागला नाही. आठवडाभर लावत राहिलो. शेवटी एसटीनं पुण्याच्या त्यांच्या ऑफिसात गेलो, तर शटर खाली आणि त्यावर नोटीस: कंपनीचं दिवाळं निघालंय, कोर्टानं माणूस नेमलाय, ज्यांचं काही येणं असेल त्यांनी फॉर्म भरून दावा करावा. बुकिंग सगळी बंद. मी तिथंच पायरीवर बसलो.

कोर्टाच्या माणसाच्या ऑफिसात फोन लागला, एक मुलगी बोलली. मी म्हणालो, मला पैसे नकोत, मला फक्त सात दिवस द्या, याच महिन्यातले.

‘‘काका, फॉर्ममध्ये रक्कम लिहायची असते. दिवस क्लेम होत नाहीत.’’

‘‘अहो ताई, माझे दिवसच अडकलेत!’’

‘‘काका, आधी बँका, मग बाकीचे. मेंबर लोक शेवटी. घरं विकली जातील, तेव्हा बघू काय मिळतं ते.’’

मी ओरडलो, मग माफी मागितली, मग पुन्हा ओरडलो. तिनं शांतपणे फॉर्म मोबाईलवर पाठवला. त्यात खरोखरच दिवसांना रकाना नव्हता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हणालो, दुसरं हॉटेल बघतो, चांगलं बघतो. ती म्हणाली, ‘‘भाड्याच्या खोलीत जावयाला धोंडं? धर्मशाळेत जेवण घातल्यागत? ते घर आपलं हुतं म्हणून मी बोलले. आता आपलं घर एकच हाय.’’ आणि माझ्याकडे बघत राहिली. मी फॉर्म भरायला घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाजात उत्साह होता, मागे पोर काहीतरी गाणं म्हणत होती. ‘‘पप्पा, पत्ता पाठवा ना. उद्या सकाळी निघतो आम्ही.’’

मी म्हणालो, क्लब बंद पडलाय.

‘‘मग?’’ ती म्हणाली.

त्या ‘मग’वर ती थांबली. मला कळत होतं ती कशासाठी थांबलीय. शब्द ओठावर होता, देवाशपथ होता. आणि मी तिला दिवाळखोरीचा कायदा सांगायला लागलो. नोटीस कुठं लागते, दावा किती दिवसांत करायचा, बँका आधी का, मेंबर मागे का. दहा मिनिटं बोललो असेन. तिनं सगळं ऐकून घेतलं. ‘‘बरं पप्पा,’’ म्हणाली, आणि फोन ठेवला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात कणकेचे. ‘‘सगळं सांगितलंत,’’ ती म्हणाली. ‘‘ ‘घरी या’ तेवढं ऱ्हायलं.’’

सकाळी तिनं धोंडे डब्यात भरले, अनारसे वेगळ्या पिशवीत घेतले आणि पुण्याच्या गाडीत बसली. मी स्टँडपर्यंत पिशवी धरली. चल म्हणाली नाही, आणि मीही येतो म्हणालो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

त्याला आज तीन दिवस झाले. ती अजून आलेली नाही. काल दुपारी मी उठलो, दार सताड उघडलं, उंबऱ्यावर बसलो आणि लेकीला फोन लावला. घरी या, जावईबापूंना घेऊन या, एवढंच म्हणायचं होतं. चारदा लावला. पाचव्यांदा पोरीनं उचलला आणि विचारलं, ‘‘कोण बोलतंय?’’

मी म्हणालो, ‘‘मी आजोबा.’’

‘‘कुठले आजोबा?’’ तिनं विचारलं. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

अधिक महिन्याचे चार दिवस उरलेत. पुढचा तीन वर्षांनी. मी एकाहत्तरचा आहे. दार उघडंच ठेवलंय.