धोंडिबा राक्षसाचं लग्न

एकाच कंपनीत बरीच वर्षं काढली की किस्से आपोआप साठत जातात. भंगारासारखे. फेकवत नाहीत आणि ऑडिटला दाखवताही येत नाहीत. मी महाळुंग्यात गाड्यांचे पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपचं स्टोअर सांभाळतो आणि माझ्याकडचे निम्मे किस्से आमच्या धोंडिबाचे आहेत. धोंडिबा राक्षस आहे. स्वभावाने नव्हे हो, खराखुरा, शिंगंवाला!

*

शेड बांधताना एक चिंच तोडली. धोंडिबा त्या चिंचेवर राहायचा. जागा गेलेल्यांना नोकरी मिळणार म्हटल्यावर तोही रांगेत उभा राहिला. एचआरच्या मॅडमनी सातबारा मागितला. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सातबारा निघायच्या आदीपासनं आमी हितंच हाय." घेतला बिचाऱ्याला कॉन्ट्रॅक्टवर.

हेल्मेट द्यायचं काम माझ्याकडे. शिंगांमुळे एकही बसेना, शेवटी दोन शिंगांवर दोन हेल्मेटं अडकवली. सेफ्टीवाले खूश!

*

क्वालिटीला मनीषा आहे, बीडकडची. एकदा कॅन्टीनचा ओव्हन बिघडला, तर धोंडिबा म्हणाला, मी फुंकर मारून डबे गरम करतो. आम्हा सगळ्यांच्या पोळ्यांचे पापड झाले. मनीषाची भाजी तेवढी छान वाफाळत होती, वरची कोथिंबीरसुद्धा हिरवीगार.

त्या दिवशी अख्ख्या कॅन्टीनला कळलं. धोंडिबा सोडून.

*

खंडेनवमीला आम्ही मशिनं पुसतो, हार घालतो, पूजा करतो. त्या वर्षी नव्या सुपरवायझरने फार हौसेने प्रत्येक मशिनला आणि गेटलाही लिंबू-मिरची बांधली. झालं! दसऱ्यानंतर धोंडिबाला आत पाऊल टाकता येईना. तो मुकाट्याने गेटबाहेर बसून राहिला आणि इकडे प्रेसचे जड साचे, म्हणजे डाय, उचलायला कोणी नाही म्हणून लाइन बंद. सुपरवायझर म्हणे, पूजेचं आहे, काढायचं नाही.

मनीषाने कोणाला विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या माळा उतरवल्या, मिरच्यांचा ठेचा केला, वर लिंबू पिळलं आणि सुपरवायझरच्याच ताटात वाढला. त्याने दोनदा मागून घेतला.

*

मग तिने घरी सांगितलं, लग्न करायचं तर धोंडिबाशीच. तिचे वडील, अण्णा, मुलगा बघायला आले. धोंडिबा मावेल अशी खोली कोणाकडेच नसल्याने पोह्यांचा कार्यक्रम कॅन्टीनमध्ये ठेवला. मुलाकडून मी. अण्णांनी शिंगं पाहिली, सुळे पाहिले, पोहे संपवले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "परमनंट हाय का?"

मला खोटं बोलता येईना. अण्णा उठलेच. म्हणाले, "राक्षस चालंल. कॉन्ट्रॅक्टवाला नको."

मनीषाचं एकच म्हणणं होतं, लग्न करीन तर अण्णांसमोर, नाहीतर करणार नाही. धोंडिबा मान हलवायचा आणि कामाला लागायचा. पण त्याची फुंकर गार यायला लागली होती. मला खरंच बघवत नव्हतं.

*

पोरीने दुसरी स्थळं बघायलाच नकार दिल्यावर अण्णा एवढ्यावर आले की लग्न लावा, मी अक्षता टाकून निघून जाईन, पण त्याला जावई म्हणणार नाही. मंगल कार्यालयाचं दार धोंडिबाला पुरेना, म्हणून रविवारी सकाळी मांडव आमच्या डिस्पॅच यार्डातच घातला.

भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला, तर तो नवरदेवाच्या पोटापर्यंतच! मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरानवरीने एकमेकांना बघायचं नसतं आणि हा तर वरून सगळं बघतोय. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. धोंडिबा ओशाळला. नवं धोतर सावरत तो तिथल्या खडीवर गुडघे टेकून बसला आणि मान खाली घातली. मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागच्या खुर्चीवरून अण्णा उठले. मला वाटलं, निघाले. ते सरळ पुढे आले आणि त्यांनी भटजींना हाताने थांबवलं.

"उठा," ते धोंडिबाला म्हणाले. "माझा जावई गुडघ्यावर बसून लगीन लावणार नाही."

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "ती फोर्कलिफ्ट आणा इकडं. अंतरपाट वर धरायचा हाय."